नागपूर स्टेशनची दगडी इमारत: सातवीच्या पोरांना काय दाखवू?

कोलारकाठचा_मास्तर

नमस्कार मंडळी. सावनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दिवाळीनंतर सातवीच्या वर्गाला नागपूर दाखवायचं आहे. दरवर्षीचा क्रम ठरलेला: रामन विज्ञान केंद्र, महाराजबाग, फुटाळा तलावावर डबे, अंधार पडायच्या आत परत. यंदा त्यात रेल्वे स्टेशन घालावं असं माझ्या मनात आहे. गाडीत बसायला नव्हे, इमारत बघायला.

कारण सांगतो. नागपूर स्टेशनची आजची इमारत सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेली आहे. १५ जानेवारी १९२५ रोजी मध्य प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी तिचं उद्घाटन केलं. शंभरी उलटली. आमच्या पोरांच्या पायाखालचा दगड नागपुरात उभा आहे, आणि वर्गात कोणालाच पत्ता नाही. शिक्षकांच्या खोलीत विषय काढला तर एक सहकारी म्हणाले, "स्टेशनवर काय दाखवता सर, गर्दी? ती तर एसटी स्टँडवरही आहे."

तर जाणकारांनी सांगावं. तिथे बघण्यासारखं काय आहे? इतिहास सातवीच्या पोराला पचेल असा कसा सांगू? की हे खूळ सोडून देऊ?

संत्र्याची_फोड

सर्वात आधी हजेरी. आत जाताना एक, बाहेर पडताना एक. इतिहास त्यानंतर.

जीआयपी_काका

मास्तर, खूळ सोडू नका. मी रेल्वेतून निवृत्त झालो, आता धामणगावला असतो. पोरांना एक गोष्ट आधी पक्की सांगा: गाडी जुनी आहे, इमारत नवी.

जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, लाईन भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असं करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. तुमची दगडी इमारत त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी उघडली. तिच्याआधीचं स्टेशन आजच्या जागेच्या पूर्वेला होतं. १८८० नंतर पलीकडून नागपूर-छत्तीसगड रेल्वे आली, राजनांदगावपर्यंत, तीही मीटरगेज. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिनं ती लाईन ताब्यात घेऊन रुंद केली आणि १८९१ पर्यंत थेट बंगालातल्या आसनसोलला नेऊन भिडवली. म्हणजे मुंबईवाल्यांची हद्द नागपुरात संपायची आणि कलकत्तेवाल्यांची तिथून सुरू व्हायची. ती वाटणी अजून मोडलेली नाही. नागपुरात मध्य रेल्वेचा विभाग आहे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही. एका गावात दोन डीआरएम, म्हणजे विभागाचे दोन मुख्य साहेब. आमच्या वेळी बाहेरून बदलून आलेल्या माणसाला हे समजायला बरेच दिवस लागायचे, आणि तोवर त्याचे कागद चुकीच्या ऑफिसात फिरत राहायचे.

मग १९२० च्या दशकात इटारसीकडची लाईन पुरी झाली, काटोल-नरखेड-आमला वाली. १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेठ हा तुकडा जोडला गेला आणि दिल्ली ते मद्रास सरळ रस्ता झाला. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस त्याच वर्षीची. इमारत १९२५ मध्येच का, याचं उत्तर मी स्वतःपुरतं असं लावतो की टोकाचं स्टेशन आता चौकाचं होणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि नागपूर प्रांताची राजधानीही होतं. राजधानीला शोभेल असं दार हवं होतं.

तर्री_मारके

काका, चौक म्हटलं आणि डायमंड क्रॉसिंग विसरलात? जगात एकमेव आहे ते! पोट्ट्यांले तेच दाखवा, बाकी सब बेकार.

जीआयपी_काका

@तर्री_मारके, बाप्पा, जगात एकमेव नाही. रूळ एकमेकांना छेदतात अशा जागा पुष्कळ देशांत आहेत. आणि लोकांच्या डोक्यात जे चित्र असतं, की दिल्लीची गाडी वरून खाली आणि मुंबईची आडवी, अधिकचं चिन्ह काढल्यासारखी, तसं तिथे होत नाही. दिल्लीहून चेन्नईला जाणारी गाडी नागपूर स्टेशनात येते आणि पुढे वर्ध्यापर्यंत मुंबईच्याच मार्गाने जाते. मुंबईचा आणि चेन्नईचा फाटा वर्ध्याजवळ फुटतो. खरा चौक नकाशावर पाहायचा तर नागपूर आणि वर्धा दोन्ही मिळून पाहावा लागतो.

शिवाय ती जागा चालत्या रुळांवर आहे. सातवीचा वर्ग तिथे न्यायचं नावही काढू नका.

तर्री_मारके

अर्धं बालपण खोटं निघालं राव. जनरल नॉलेजच्या पुस्तकात तेच छापून येते.

पऱ्हाटी

काकांनी कंपन्यांचा हिशेब चोख मांडला, पण रेल्वे कशासाठी आली ते राहूनच गेलं. आपल्या सोयीसाठी नक्कीच नाही.

रेल्वेच्या आधी वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांवर जायचा. बैलांच्या पाठीवर लादून, घाट-नद्या ओलांडत, पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत. वाटेत अर्धा कापूस धुळीनं मळायचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि साहेबाला एकदम वऱ्हाड आठवलं. भाव असे चढले की म्हाताऱ्यांच्या गोष्टींत ते उतरले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला. रूळ नागपुरात कधी पोचले? १८६७ मध्ये. भाव गेला आणि गाडी आली! आमच्याकडचं सरकारी खरेदी केंद्र आजही हाच मुहूर्त धरते. घरातला कापूस व्यापाऱ्याच्या जिनिंगमध्ये गेला की यांचं उद्घाटन.

खामगावचंच घ्या. जलंबपासून खामगावपर्यंत एवढासा फाटा, पण १८७० मध्ये तो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. गावावर माया होती म्हणून आला का? खामगावचा कापूस बाजार होता म्हणून. आणि १ जानेवारी १८७७ रोजी टाटांनी एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपुरात काढली, कारण कापूस इथे, कोळसा वरोऱ्याला, आणि रूळ दारात.

मास्तर, इमारत जरूर दाखवा. पण पोरांनी तिच्यासमोर उभं राहून नुसतं "वा वा" करू नये.

चांदूरचा_चहा

आमच्या गावाला तर नावातच रेल्वे आहे. चांदूर रेल्वे. पलीकडच्या चांदूरला बाजार मिळाला, आम्हाला रेल्वे. आणि आता अर्ध्या गाड्या न थांबता तोंडावर धूळ मारून जातात.

अंबानगरी

विषय निघालाच आहे तर सांगा, अमरावतीला मेन लाईन का नाही? आमच्याकडे म्हणतात जुन्या व्यापाऱ्यांनी विरोध केला, गाडीच्या धुरानं कापसाला आग लागेल म्हणून. त्यापायी बडनेऱ्याला उतरून पुढे ऑटो करा, आणि ऑटोवाला रात्री जे मागेल ते द्या.

जीआयपी_काका

@अंबानगरी, ही गोष्ट मी निदान पाच गावांत ऐकली, प्रत्येक ठिकाणी व्यापारी वेगळे आणि आग तीच. नकाशा उघडा. अमरावतीच्या पूर्वेला पोहरा-चिरोडीचे डोंगर आहेत. लाईन टाकणारा इंजिनियर सपाटी शोधतो, आणि बडनेऱ्यावरून चांदूर-धामणगावकडे सरळ सपाटी मिळते. व्यापाऱ्यांनी विरोध केला असता तर थोड्याच वर्षांत बडनेरा-अमरावती शाखा कशाला झाली असती? बाजार अमरावतीत होता म्हणूनच ती झाली.

अंबानगरी

पटतंय. तरी ऑटोचं भाडं डोंगरामुळे नाही.

बुढा_सांगे

पऱ्हाटी भाऊ बराबर बोल्ले. माह्या आबाजी पुलगावच्या मालधक्क्यावर हमाल होता. तो सांगे, कापसाची गठाण म्हंजे पावणेदोनशे किलोचा दगडच समजा. चार मानसं लागेत अन् हरेकाच्या हातात लोखंडाचा आकडा. आकडा कुठी रुतवाचा हे शिकाले नव्या पोट्ट्याले लय दिवस लागेत. बारदानात रुतवाचा, लोखंडी पट्टीले लागू द्याचा नाई. दाबलेल्या गठाणीची पट्टी तुटली का ते सापावानी उसळे अन् समोरच्याचा डोया फोडे. आबाजीच्या मनगटावर अशा एका पट्टीचा वण होता, इथून तिथपर्यंत. आमी लहान असतानी त्याच्यावरून बोट फिरवून पाहो.

बंड्यांची रांग स्टेशनापासून पार गावाबाहेर लागे. बैल सोडून लोकं बंडीखालीच झोपेत. अन् फलाटावर? फलाटावर आबाजी कवाच गेला नाई म्हने. "तिकडे सायब लोकाइचं काम," असं सांगे. येवढी वरसं टेसनावर काम केलं अन् गाडीत बसला तो म्हातारपनी, पंढरपूरले जाले.

नकाशावाली

@बुढा_सांगे, काका, हे लिहून ठेवा कुठेतरी. आकडा बारदानात रुतवायचा, हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

आता मास्तरांच्या प्रश्नाकडे. मी वास्तुरचनाकार आहे, माहेर आर्वी. पोरांना आधीच सांगून ठेवा की मुंबईची व्हीटी डोळ्यापुढे आणू नका. फ्रेडरिक स्टीव्हन्सची व्हीटी १८७८ ते १८८८ मध्ये झाली. तिथे घुमट, मोर, दगडी प्राणी, पानं-फुलं, काय नाही! ते जीआयपीचं मुख्यालय होतं, कंपनीला श्रीमंती दाखवायची होती. नागपूरची इमारत त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी आली. दोन मजले, लांब पसरलेली, डावी-उजवी बाजू तोलून धरलेली, नक्षी अगदी बेतानं. कचेरीसारखी वाटेल, आणि ती होतीही रेल्वेची कचेरी. तिची सगळी श्रीमंती दगडात आहे.

म्हणून पोरांना दगड बघायला लावा. काळ्या दगडाचे वाडे, विहिरी त्यांनी पाहिलेल्या असतात. तो काळा दगड लाव्ह्याचा, एकजीव. वालुकाश्म जवळून पाहिला तर रेतीचे कण दिसतात, हात फिरवला तर खरखर लागते. काही चिऱ्यांवर बारीक तिरप्या रेघा दिसतात. वाहत्या पाण्यानं रेती आणून टाकली की अशा रेघा उमटतात, म्हणजे त्या जागी कधीकाळी नदी होती. एकदा ही रेघ ओळखता आली की पोरगं प्रत्येक भिंतीवर ती शोधत बसतं. मी स्वतः अजून शोधते, लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा.

आणखी एक: संपूर्ण इमारतीचं चित्र काढायला लावू नका. एकच खिडकी किंवा एकच कमान द्या, आणि चिरे कसे बसवलेत ते नीट काढायला सांगा. जोड कुठे आहे, मोठा चिरा कुठे, छोटा कुठे.

पऱ्हाटी

@नकाशावाली, ताई, नक्षी बेतानं, दगड श्रीमंत, सगळं मान्य. पण हा दगड फोडला कोणी, वाहून आणला कोणी? त्या माणसांचं नाव कुठल्या चिऱ्यावर आहे? उद्घाटनाच्या गव्हर्नरचं मात्र आपल्याला तारखेसकट पाठ.

नकाशावाली

@पऱ्हाटी, दादा, नाव नसलं तरी टाकीचा घाव असतो. चिरा घडवणाऱ्याचा हात त्यात दिसतो, उजव्या हाताचा, डाव्या हाताचा, घाईतला, निवांत. मी म्हणते तेच बघायला शिकवा. तुम्ही इमारत सोडून द्या म्हणता, मग त्या पाथरवटाचं काम बघणार कुठे?

पऱ्हाटी

सोडून द्या असं मी कुठे म्हणालो? "वा वा" करू नका म्हणालो. वाद घालायचा असेल तर नीट वाचून घाला.

संत्र्याची_फोड

दोघंही संत्री खा. आंबट-गोड दोन्ही निघतात.

दुसरी_पाळी

मी सावनेर पट्ट्यातल्या कोळसा खाणीत आहे. रेतीच्या दगडाचं बोलणं चाललं आहे म्हणून लिहितो. खाणीत उतरताना आम्ही याच दगडातून खाली जातो. आपल्या भागात कोळशाच्या वर वालुकाश्माचे थर आहेत, गोंडवन काळातले, पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासचे. त्यातल्या एका थराचं नावच भूगर्भशास्त्रात कामठी आहे. काही ठिकाणी दगडात पानांचे ठसे मिळतात. ज्यांच्या नावानं नागपुरात कॉलेज आहे ते पादरी स्टीफन हिस्लॉप हेच ठसे शोधत कामठी-सिल्लेवाड्याच्या खदानींत फिरायचे. १८६३ मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाला.

छत धरायला आम्ही दगडाचा आवाज ऐकतो. पहारीनं ठोकलं आणि टणक खणखणीत आला तर ठीक. भद्द वाजला की मागे सरा. मास्तर, पोट्ट्यांना नागपूरला न्यायच्या आधी गावातच एखाद्या जुन्या घराच्या जोत्यावर हा दगड दाखवा. मग तिकडे गेल्यावर ते स्वतःच ओरडतील, "सर, हा तर आपला!"

कोलारकाठचा_मास्तर

@दुसरी_पाळी, भाऊ, हे तर सुचलंच नव्हतं. आमच्या शाळेच्या जुन्या खोलीचं जोतं याच दगडाचं आहे. पोरं रोज त्यावर बसून डबा खातात.

मूर्तिजापूर_जंक्शन

नागपूरचे गोडवे चालू द्या, पण आमची शकुंतला कोणाला आठवते का? यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, एकशे नव्वद किलोमीटर, अडीच फुटी नॅरोगेज. किलिक निक्सनवाल्यांच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. देशातली सगळी रेल्वे सरकारजमा झाली, ही कंपनीच्या नावावर राहिली, चालवायची मात्र मध्य रेल्वे. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. मग डिझेल आलं, मग गाडीच गेली.

वाटेत फाटक आलं की गाडी थांबायची. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे सरकायची, तो फाटक उघडून परत पळत येऊन चढायचा. स्टेशनवर मास्तर नसला तर गार्डच तिकिटं फाडायचा. कारंज्याहून मूर्तिजापूरला कॉलेजात येणारी पोरं चालत्या गाडीतून उतरून शेतातल्या तुरीच्या शेंगा तोडायची आणि धावत पुढचा डबा पकडायची. ही काही फेकाफेक नाही, शेंगा मीही खाल्ल्या.

नागपूरला दगडी इमारत आहे म्हणून धागा निघतो. आमच्या स्टेशनांचे कौलं-दरवाजे कोणी कधी नेले, कोणी पाहिलं पण नाही.

दारव्ह्याची_सून

@मूर्तिजापूर_जंक्शन, खरं आहे भाऊ. आमच्या सासूबाई बाळंतपणाला माहेरी शकुंतलेनंच गेल्या होत्या. तेव्हा रस्ता असा होता की बैलगाडीपेक्षा गाडीच बरी. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजची वाट पाहतोय. २०२४ च्या फेब्रुवारीत ती कळंबपर्यंत आली. आम्ही दारव्ह्यात बसून कळंबकडे बघतो.

तर्री_मारके

नॅरोगेज पायजे असंन तर मोतीबागेत जा ना मास्तर. नागपुरातच हाये. नॅरोगेजचं संग्रहालय, जुने इंजिनं ठेवले हायेत. पोट्टे खुश. स्टेशनातली गर्दी, धक्के, कायले?

जीआयपी_काका

मोतीबागेची सूचना चांगली आहे. बंगाल-नागपूर रेल्वेचं नॅरोगेजचं जाळं नागपूरभोवती होतं, त्याचा कारखाना मोतीबागेत. संग्रहालय २००२ मध्ये झालं. आणि मास्तर, तुमच्या सावनेरची लाईनही त्याच जाळ्यातली, नागपूर-छिंदवाडा. आता ती ब्रॉडगेज झाली. नागभीडचीही नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली, रुंद करायला. उमरेड-भिवापूरवाले तेव्हापासून "होऊन रायलं, होऊन रायलं" ऐकत आहेत.

दोन्ही दाखवा. आधी मोतीबाग, मग स्टेशन. छोट्या गाडीत हात लावायला मिळाला की मोठ्या इमारतीपाशी पोरं शांत उभी राहतात.

निळी_पताका

इतका वेळ वाचते आहे. कापूस झाला, कोळसा झाला, दगड झाला. माणसं फक्त हमाल म्हणून आली.

माझी आजी ऑक्टोबर १९५६ मध्ये भंडारा रोडहून गाडीत चढून नागपूरला आली. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या मैदानावर ती होती. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, बायका एकमेकींच्या मांडीवर लेकरं देऊन उभ्या होत्या. स्टेशनातून बाहेर पडल्यावर पांढऱ्या लुगड्यांची रांग कुठवर आहे ते दिसत नव्हतं, असं ती सांगायची. तिला इमारत दगडाची की मातीची विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण कोणत्या बाजूनं बाहेर पडलो, नळ कुठे होता, पाण्यासाठी कोणी अडवलं नाही, हे तिला शेवटपर्यंत पाठ होतं.

दरवर्षी दसऱ्याला खेड्यापाड्यांतून माणूस अजून याच स्टेशनात आणि अजनीला उतरतो. मास्तर, तुमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या घरी हे स्टेशन असंच माहीत असेल. सहलीच्या आधी घरी विचारून यायला सांगा, आजी-आजोबा नागपूर स्टेशनवर पहिल्यांदा कधी उतरले आणि कशासाठी.

पऱ्हाटी

@निळी_पताका, ताई, तुमच्या पोस्टनंतर माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. मास्तर, घरी विचारून यायला सांगण्याचं काम सोडू नका.

अंबानगरी

माझ्या वडिलांना विचारलं आत्ताच. उत्तर: "मेडिकलमध्ये भाऊ ॲडमिट होता तेव्हा." विदर्भातल्या निम्म्या लोकांचं उत्तर हेच येईल, मेडिकल नाहीतर कोर्ट.

चांदूरचा_चहा

किंवा नोकरीची मुलाखत. रात्रभर फलाटावर, सकाळी नळावर तोंड धुऊन मुलाखत, संध्याकाळी परत. निकाल काय ते विचारू नका.

जीआयपी_काका

आता मूळ प्रश्नाकडे या, नाहीतर मास्तर धागा बंद करतील.

मास्तर, शाळेच्या लेटरहेडवर स्टेशन व्यवस्थापकांच्या नावे अर्ज द्या. मुख्याध्यापकांची सही, पोरांची संख्या, सोबतचे शिक्षक, तारीख, किती वाजता येणार. आधी देऊन ठेवा, ऐनवेळी दारात उभं राहून नका देऊ. इमारत बाहेरून बघायची तर पश्चिमेच्या बाजूनं जा, टेकडी गणपतीच्या अंगानं. समोरचा उड्डाणपूल पाडल्यापासून इमारत मोकळी दिसते. इतकी वर्षं तो पूल नेमका तोंडासमोर होता. पूर्वेचं दार संत्रा मार्केटकडे उघडतं, तिकडून दगड दिसणार नाही, संत्री दिसतील.

पुनर्विकासाचं काम चालू आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी पायाभरणी केली. जुनी इमारत ठेवून बाकीचं नवीन करायचं असा आराखडा आहे. त्यामुळे कुठे पत्रे लावलेले असतील, कुठे खोदकाम. आदल्या दिवशी एका शिक्षकानं जाऊन वाट पाहून यावी.

नकाशावाली

आणि भर दुपारी नको. तिरपं ऊन दगडावर पडलं की टाकीचे घाव उठून दिसतात. डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट दिसतं.

संत्र्याची_फोड

थांबा थांबा. हे सगळे स्टेशन बघायला एसटीनं जाणार?

तर्री_मारके

हाव ना! सावनेरले टेसन हाये. रेल्वेनंच न्या पोट्ट्यांले.

जीआयपी_काका

सावनेरच्या पॅसेंजरनं गेलात तर नागपूरच्या इतवारी स्टेशनला उतराल. तिथून पुढे चौतीस-पस्तीस पोरं घेऊन सिटी बस गाठायची म्हणजे मास्तरांची परीक्षा. पण येताना संध्याकाळची गाडी जमत असेल तर बघा. वेळापत्रक आठवड्याआधी स्टेशनवरच विचारा, मोबाईलवर विसंबू नका.

कोलारकाठचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. आज मुख्याध्यापकांशी बोललो. ठरलं ते सांगतो.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या जोत्यावरच पहिला तास. @दुसरी_पाळी, भाऊ, तुमची रविवारची सुट्टी असेल आणि येता आलं तर दगड ठोकून दाखवा, पोरांना माझ्यापेक्षा तुमचं ऐकायला आवडेल. घरी विचारायचा प्रश्न आजच वहीत लिहून दिला. एक पोरगी लगेच म्हणाली, "सर, माझी आजी कधी गेलीच नाही नागपूरला." मी म्हटलं तेही लिहून आण, का गेली नाही ते विचार.

सहलीत जाताना एसटी, सकाळी थेट स्टेशन, मग मोतीबाग. फुटाळा कापला. यावर वर्गात मोठा निषेध झालेला आहे.

ज्या सहकाऱ्यांनी गर्दीचं विचारलं होतं ते आता सोबत येतो म्हणताहेत. त्यांचे वडील कळमेश्वरच्या मालधक्क्यावर होते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

बुढा_सांगे

त्याइले इचारा मास्तर, आकडा बारदानात का पट्टीत. खरं मालधक्क्यावरचं घर असंन त लगेच सांगतीन.

केळवदची_बाई

नमस्कार सर, मी तुमच्याच तालुक्यात, केळवदकडच्या शाळेत शिकवते. बसचं काय ठरलं ते इथे टाकाल का? आमची सातवी लहान आहे, एकटी बस परवडत नाही. जागा उरत असेल तर अर्ध्या भाड्यात आम्ही येतो. आणि फुटाळ्याचं परत एकदा बघा, माझी पोरं त्याशिवाय बसमध्ये चढणार नाहीत.